चट्टी : भाडे नसलेला मुक्काम

मराठी प्रवासवर्णनांच्या अभ्यासात देवळे, नद्या, हिमशिखरे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु प्रवासी रात्री पाठ कोठे टेकत होता, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. गढवालमधील केदार-बद्रीच्या पायवाटेवरील 'चट्टी' हे या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर आहे, आणि त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पाहावे असे आम्हांस वाटते.

चट्टी म्हणजे डोंगरवाटेवरील मुक्कामाची जागा. दोन-चार मैलांच्या अंतराने, पाण्याचा झरा पाहून, रस्त्याच्या कडेला लांबट छपरी उभारलेली असे. रस्त्याची बाजू बहुधा उघडी, जमीन शेणाने सारवलेली, एका अंगाला दुकान. दुकानदारच चट्टीचा मालक. गंमत अशी की, मुक्कामाचे भाडे तो घेत नसे. यात्रेकरूने त्याच्याकडून पीठ, डाळ, तांदूळ, तूप, मीठ असा शिधा विकत घ्यावा. मग निवारा फुकट, आणि स्वयंपाकाची भांडीही वापरावयास मिळत. रात्र विकली जात नव्हती, विकले जात होते ते पीठ.

या व्यवस्थेला पुष्कळांनी 'अतिथीधर्म' म्हटले आहे. आम्हांस हा शब्द अपुरा वाटतो. चट्टीवाला तयार अन्न न विकता शिधा विकत असे, कारण परक्या हातचे शिजवलेले खाणे बहुसंख्य यात्रेकरूंना निषिद्ध होते. जो तो आपली चूल मांडी. आज ज्या साधेपणाचे आपण कौतुक करतो, त्याच्या तळाशी सोवळ्याचा आणि जातीचा हिशेब होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय वरच्या चट्ट्यांवर धान्य माणसांच्या पाठीवरून किंवा शेळ्या-मेंढ्यांवर लादून न्यावे लागे. तेव्हा जसजशी चढण तसतसा पिठाचा भाव चढणार, हे उघड आहे. भाडे नव्हते असे नव्हे. ते पिठात मिसळलेले होते.

ज्याच्या गाठीला पिठापुरतेही पैसे नाहीत, त्याचे काय? त्यासाठी सदावर्त. गढवालात सदावर्तासाठी गावांचा महसूल तोडून देण्याची प्रथा जुनी होती. त्याच निधीच्या शिलकीतून पुढे कुमाऊँचे कमिशनर ट्रेल यांनी यात्रेची वाट बांधावयास घेतली. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा थेट हिमालयापर्यंत पोहोचल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'काली कमलीवाले बाबा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वामी विशुद्धानंदांनी ऋषिकेश येथून धर्मशाळा आणि अन्नदानाची साखळीच उभी केली. चट्टी आणि धर्मशाळा यांत म्हणूनच भेद केला पाहिजे : एक धंदा, दुसरा धर्म.

प्रत्यक्षात मात्र ही रेघ पुसट होत असे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा एका शिकाऱ्याच्या पुस्तकात सापडतो. जिम कॉर्बेटने 1948 साली प्रसिद्ध केलेल्या रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याच्या हकिकतीत गुलाबराय येथील चट्टीचा मालक, एक पंडित, भेटतो. 1918 ते 1926 या काळात त्या बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसे मारली. 1921 च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मद्रासेकडील दहा थकलेले यात्रेकरू या पंडिताकडे आले. आणखी कोणी येथे मारला गेला तर आपल्या चट्टीचे नाव खराब होईल, या भीतीने त्याने त्यांना दोन मैल पुढे रुद्रप्रयागला जाण्यास परोपरीने विनविले. ते हलेनात. तेव्हा त्याने त्यांना उघड्या छपरीत न ठेवता स्वतःच्या घरात घेतले. त्या रात्री बिबट्याने गळा धरला तो त्या पंडिताचाच. तो कसाबसा वाचला, पण पुढे कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता.

या प्रसंगात व्यापारी कोठे संपतो आणि यजमान कोठे सुरू होतो? पाहुण्यांना पुढे घालविण्याचे कारण धंद्याचे होते. घरात घेण्याचे कारण केवळ धंद्याचे असणे कठीण. आणि ही दोन्ही कारणे एकाच माणसाच्या मनात, एकाच संध्याकाळी नांदत होती. प्रवासवर्णनांतून चट्टीवाला एकतर लोभी वाणी म्हणून येतो, नाही तर भोळा पहाडी म्हणून. भगिनी निवेदिता 1910 मध्ये या वाटेने गेल्या. 1912 च्या सुमारास काका कालेलकर हिमालयात हिंडले आणि साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने आपले हिमालयाचे प्रवासवर्णन गुजरातीत लिहिले. ही पुस्तके मोलाची आहेतच. तथापि ती सारी पाहुण्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. कॉर्बेटने, कदाचित नकळत, यजमानाची बाजू ऐकून ठेवली.

चट्टीचे चित्र अधिक रम्य करण्याचे कारण नाही. एकाच झऱ्यावर शेकडो माणसे. 1892 साली हरिद्वारहून यात्रेकरूंबरोबर पटकी वर चढली तेव्हा ती याच मुक्कामांच्या साखळीने गावागावांत पसरली.

1962 च्या चीन युद्धानंतर सीमेकडचे मोटाररस्ते झपाट्याने झाले, त्या दशकाच्या अखेरीस बस बद्रीनाथपर्यंत पोहोचली, आणि पायी यात्रेवर जगणाऱ्या चट्ट्या ओस पडल्या. नावे तेवढी उरली : हनुमान चट्टी, जानकी चट्टी, फूल चट्टी. केदारच्या शेवटच्या चढावर पायवाट टिकली, म्हणून तेथील रामबाडाही टिकला. 16-17 जून 2013 च्या महापुराने तोही वाहून नेला. त्यानंतर वाट नदीच्या पलीकडच्या अंगाने नव्याने काढावी लागली.

2018 पासून उत्तराखंड सरकार गावकऱ्यांना 'होमस्टे'साठी अनुदान देते. तेथे खाटेचे भाडे ठरलेले असते, आणि सकाळची न्याहारी पुष्कळदा त्यातच धरलेली असते. पीठ आता भाड्यात मिसळलेले आहे.