आधी शेपूट उगवते

आज खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर रात्री मान वर केलीत, तर हॉटेलांच्या पाट्या, ट्रकचे दिवे आणि खोपोलीवरचा पिवळट उजेड याच्यापलीकडे फार काही दिसायचं नाही. म्हणून 14 मे 1910 ची पहाट गाठा. शनिवार आहे, साडेचारचा सुमार. टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन व्हायला अजून सहा महिने आहेत, खोपोलीचं वीजघर सुरू व्हायला पाच वर्षं. चैत्री अमावस्या 9 तारखेला झाली, त्यामुळे चंद्र कालच वेळेत मावळलाय. अंधार असा की स्वतःचा हात दिसत नाही.

पायाखाली पुणे रस्त्याचा फुफाटा. शेजारच्या शेतात काल भाजलेला राब अजून धुमसतोय. शेण, पालापाचोळा, कवळं रचून पेटवायचं आणि त्या राखेत पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकायचं. घाट उतरून आलेल्या चार-पाच गाड्या सोडल्यात, बैल रवंथ करताहेत. मावळातला एक म्हातारा गाडीवान जुवाला टेकून बसलाय. तो घाटाकडे बघतोय, म्हणून तुम्हीही बघता.

खंडाळ्याच्या काळ्या भिंतीमागून उजेडाचा एक पट्टा वर निघालाय. दुधट, फिका, वर जाईल तसा रुंद होत डोक्यावरच्या श्रवण नक्षत्राच्या दिशेने कललेला. त्याच्या उजवीकडे शुक्राची चांदणी लखलखतेय. पट्ट्याचं डोकं अजून डोंगराआड आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून बघणाऱ्याला ते कधीच दिसलं असेल. शेपूट सूर्याच्या उलट दिशेला असते, म्हणून पहाटे आधी शेपूट उगवते आणि डोकं मागाहून; इथे मध्ये सह्याद्री उभा, म्हणून ते आणखी उशिरा.

तुमचा हात आपसूक वर जातो.

"पाव्हणं, बोट नका दावू," म्हातारा म्हणतो. "शेंडेनक्षत्र हाय ते. राजा गेला न्हवं त्याच्यापायी."

यावर काय बोलणार? सातवा एडवर्ड 6 मेला लंडनमध्ये वारला. धूमकेतू दिसला की राजावर गंडांतर, हे निदान वराहमिहिराच्या काळापासून चालत आलेलं; त्याच्या 'बृहत्संहिते'त केतूंवर स्वतंत्र अध्याय आहे. जानेवारीत आणखी एक धूमकेतू येऊन गेला होता, भर दिवसा दिसण्याइतका तेजस्वी. तेव्हा कोणी राजा गेल्याचं निघालं नाही, म्हणून तो हिशेबात धरलेला नाही. शकुनांची वही नेहमी अशीच लिहिली जाते.

म्हातारा मग वायव्येकडे वळतो. तिथे सप्तर्षी मावळतीला लागलेत. त्याच्या लेखी ते ऋषी नाहीतच. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. आत्ता बाज बुडालीय, चोर तेवढे क्षितिजावर अडकलेत. मधल्या चोराला चिकटलेली बारीक अरुंधती तो तुम्हाला शोधायला लावतो. ती ज्याला दिसत नाही, तो सहा महिन्यांत जातो म्हणतात. तुम्ही डोळे ताणता, आणि खरं सांगायचं तर दिसल्यावर हायसं वाटतं. एवढ्यात एक तारा तुटतो. म्हातारा पुटपुटतो, "सरलं कुनाचं तरी."

याला अडाणी म्हणण्याची घाई करू नका. याच वेळी पॅरिस आणि शिकागोत काय चाललंय? फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेला या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडला आणि 18-19 मेला पृथ्वी शेपटीतून जाणार, असं गणित निघालं. फ्लामारियोंसारख्या नामांकित ज्योतिर्विदाच्या नावावर जीवसृष्टी संपण्याची भाकितं छापून आली. लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या. धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या, त्या विकतही घेतल्या गेल्या! शेपटीतला वायू इतका विरळ की कोणाला साधी शिंकही आली नाही.

गाडीवानाला त्या रात्री दाराची फट बुजवायची नव्हती. त्याला दारच नव्हतं. त्याची भीती पाहुण्या ताऱ्यापुरती होती. रोजच्या ताऱ्यांवर त्याचा काटेकोर विश्वास होता, आणि तो फुकट जात नव्हता. शुक्र वर आला की गाड्या जुंपायच्या. सूर्य मेअखेरीस रोहिणीत जाईल, 7 जूनच्या आसपास मृगात. तोवर गाडी घरी आणि राबात बी पडलेलं हवं. शकुन आणि कामाचं पंचांग त्याच्याकडे एकाच डोक्यात होतं, पण पेरणी त्याने शेंडेनक्षत्राला विचारून केली नाही.

पावणेपाचला डोंगराच्या कडेवर धुरकट गोळा येतो. पूर्व उजळू लागलीय, शेपूट पुसट होतेय. गाड्या पनवेलच्या वाटेला लागतात.

तो हॅलेचा धूमकेतू. 1986 साली परत आला, पण लांबून आणि फिका. पुढच्या वेळी तो 28 जुलै 2061 रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. तेव्हा शिळफाट्यावर धो-धो पाऊस असणार. नातवंडांना आत्ताच सांगून ठेवा, बघायचाच तर घाट चढून पार पलीकडे कोरड्या मुलखात जा.