कोचिंग नेतृत्वशैली (मदत व विकासकार्यातील)

कोचिंग नेतृत्वशैली : हाताखालच्या माणसाला आदेश देण्याऐवजी प्रश्न विचारून, कामाच्या जागी सोबत राहून आणि झालेल्या कामाबद्दल वेळच्या वेळी बोलून त्याची निर्णयक्षमता वाढवणारी व्यवस्थापनपद्धती. तिचा उगम खेळाच्या मैदानावरचा. खेळाडूला सूचनांनी भंडावून सोडण्यापेक्षा त्याचे लक्ष योग्य जागी वळवावे, हा विचार टिमथी गॉल्वी यांनी टेनिसवरच्या १९७४ सालच्या पुस्तकात मांडला. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये तो कंपन्यांच्या व्यवस्थापनापर्यंत नेला. स्वयंसेवी आणि आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांत ही शैली बहुधा कार्यशाळेत शिकवली जाते : प्रश्न कसे विचारावेत, ऐकावे कसे, मत कसे राखून ठेवावे. त्यामुळे ती व्यवस्थापकाच्या स्वभावाची किंवा बोलण्याच्या कौशल्याची बाब आहे असा समज पसरला आहे. क्षेत्रातला पुरावा या समजाला फारसा आधार देत नाही. ठरलेल्या दिवशी न चुकता होणारी भेट, समोर ठेवायला खरी नोंदवही आणि कार्यकर्त्याकडे खरोखर सोपवलेला अधिकार, या तीन गोष्टी असतील तर मितभाषी, प्रसंगी तुसड्या व्यवस्थापकाकडूनही ती साधते; नसतील तर गोड प्रश्नांनी काही हलत नाही.

याचे उत्तम दाखले महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतला पहिला या शैलीची पुस्तके निघण्याच्या आधीचा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांचे शिक्षण एका शिबिरात उरकले नाही. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, आणि त्या सांगण्यातूनच पुढचा धडा निघे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्यासाठी तयार केले. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंतचा अधिकार त्यांना होता. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन त्यांच्या नोंदी तपासत आणि चुका तिथल्या तिथे दुरुस्त करत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे श्रेय एकट्या देखरेखीला देता येणार नाही. औषधे होती, वजनकाटे होते, कसून प्रशिक्षण होते. पण सुई टोचायची की नाही हे गावातल्या बाईने ठरवायचे, ही जोखीम त्या पंधरवड्याच्या भेटीवाचून कोणत्याही डॉक्टरला पत्करता आली नसती. म्हणजे अधिकार आधी सोपवला गेला आणि तो पेलण्यासाठी सोबत उभी राहिली. कार्यशाळांत हा क्रम सहसा उलटा असतो.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा उत्तर प्रदेशातला आहे. तिथल्या २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्यकेंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची तपासणीयादी वापरण्यासाठी परिचारिकांना आठ महिने सोबत्यांकरवी कोचिंग देण्यात आले. अभ्यासात सुमारे १ लाख ५७ हजार प्रसूती होत्या आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनंतर कोचिंग मिळालेल्या केंद्रांत अपेक्षित कृतींपैकी ७२.८ टक्के पाळल्या जात होत्या, इतर केंद्रांत ४१.७ टक्के. कोचिंग थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, पहिला आकडा ६१.७ वर उतरला. आणि प्रसूतीच्या सुमारास होणारे बाळांचे मृत्यू, मातामृत्यू व मातेच्या गंभीर गुंतागुंती यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले : १५.१ आणि १५.३ टक्के. कोचिंगने माणसांचे वागणे बदलते, हे या अभ्यासाने नाकारलेले नाही. उलट दाखवूनच दिले. मात्र परिचारिकेने वेळेवर धोका ओळखला तरी पुढे रक्त, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, मोठ्या रुग्णालयात नेणारी गाडी लागते, आणि या गोष्टी तिच्या हातात नसतात. जे कर्मचाऱ्याच्या हातातच नाही त्याबद्दल ‘तुला काय वाटते, काय करता येईल?’ असे विचारत राहणे हे नेतृत्व नव्हे. व्यवस्थेची उणीव खालच्या माणसाच्या खात्यावर टाकण्याची ती सभ्य रीत आहे.

नेहमीचा आक्षेप वेळेचा असतो. डॅनियल गोलमन यांनी २००० मध्ये मांडलेल्या सहा नेतृत्वशैलींत कोचिंग ही सर्वांत कमी वापरली जाणारी शैली ठरली होती, आणि ‘सवडच नाही’ हेच कारण पुढे येत होते. संकटात तर हा आक्षेप बिनतोड वाटतो. ढिगारा उपसताना चर्चा होत नाही, आदेश दिले जातात, आणि ते योग्यच आहे. पण मदतकार्याचा फार मोठा भाग त्या पहिल्या दिवसांच्या पलीकडचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली घरे दुरुस्त व मजबूत करण्याचा कार्यक्रम काही वर्षे चालला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साहाय्याने गावातल्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या आणि घरमालकांना बांधकामाबद्दल समजावू लागल्या. तिथे आदेशाने काम झाले नसते, कारण भिंत कशी बांधायची हे शेवटी घरमालक ठरवणार होता.

दुसरा आक्षेप असा की, आपल्याकडच्या कार्यालयांत ‘साहेबांनीच सांगावे’ ही अपेक्षा असते, आणि तिथे प्रश्न विचारणारा वरिष्ठ अडाणी ठरतो. हे खरे आहे, पण जामखेडच्या बायकाही पदवीधरांसमोर बोलायला सरावलेल्या नव्हत्या. दर आठवड्याच्या बैठकीने ती सवय लावली. अधिक चिवट अडचण निधीदारांच्या तिमाही उद्दिष्टांची आहे. ज्याला स्वतःला आकड्यांचा जाब द्यायचा आहे तो व्यवस्थापक भेटीला गेला की तपासनीस होतो. सरकारी आरोग्यसेवेतल्या आशा कार्यकर्त्यांच्या व्यवस्थेतही साधारण २० आशांमागे एक गटप्रवर्तक आहे. तिनेच शिकवायचे आणि तिनेच अहवालही गोळा करायचे. महिन्याअखेरीस यांतले कोणते काम मागे पडते हे सांगायला संशोधन लागत नाही. मदतकार्याच्या मूलभूत मानकांच्या २०१४ च्या आवृत्तीत कर्मचाऱ्यांना आधार मिळणे ही स्वतंत्र बांधिलकी मानली होती, तरी भेटीचा वेळ आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात वेगळा धरला नाही तर ती कागदावरच राहते.

काही बाबी या शैलीच्या कक्षेत येतच नाहीत. पैशांचा अपहार किंवा मदत घेणाऱ्यांचे लैंगिक शोषण यांवर समजुतीचे संभाषण हा उपाय नाही. तिथे चौकशी आणि कारवाई लागते. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत काम करणाऱ्या ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांचे गैरवर्तन २०१८ मध्ये जगासमोर आले, तेव्हा संस्थेने ते आतल्या आत कसे हाताळले यावरच मुख्य टीका झाली. इथे या शैलीचा एक कमी चर्चिला जाणारा धोकाही आहे. कोचिंगमुळे वरिष्ठ व कार्यकर्ता यांच्यात जी जवळीक निर्माण होते, तिच्यामुळे त्याच वरिष्ठाविरुद्ध तक्रार करणे अधिक अवघड होते. म्हणून तक्रार ऐकणारी व्यक्ती पर्यवेक्षकांच्या साखळीबाहेरची असावी लागते, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग भरतीच्या वेळीच कार्यकर्त्याला दाखवून ठेवावा लागतो.