विरघळणाऱ्या बाहुलीचा इतिहास

१. चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि वैनगंगेकाठची मार्कंड्याची मंदिरे. दगड टिकला, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. मातीच्या बाहुलीचे काय?

२. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. भुलाबाई आणि भुलोजी ही पार्वती-शंकराची लोकरूपे. कुंभाराने घडवलेली, ठळक रंगांनी रंगवलेली. सायंकाळी मुली त्यांच्यापुढे गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभारतात. मग अनेक घरांत विसर्जन होते. त्या वर्षीच्या कुंभाराचा हात पाण्यात विरघळतो.

३. अशा नश्वर वस्तूंचा इतिहास कसा जपावा, याचे एक उत्तर अमेरिकेत सापडते. महामंदीच्या काळात, १९३५ साली, तेथील सरकारने बेरोजगार चित्रकारांना काम दिले : सामान्यांच्या घरातील जुन्या वस्तू हुबेहूब रंगवायच्या. 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' हा तो उपक्रम १९४२ पर्यंत चालला. त्यातील सुमारे १८,००० चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांत जुन्या बाहुल्याही आहेत.

४. छायाचित्रे का नाहीत? त्या काळी रंगीत छायाचित्रणाच्या रंगांवर पुरता विश्वास नव्हता. जलरंगांत मात्र पातळ थरांवर थर देत विटलेल्या कापडाची नेमकी छटा साधता येई.

५. असे चित्र पाहताना आधी चेहऱ्याकडे जाऊ नका. पार्श्वभूमी पाहा : ती बहुधा कोरी असते, कारण चित्रकाराला वस्तूखेरीज काही सांगायचे नसते. मग शिवण पाहा, उडालेला रंग पाहा, झिजलेली कड पाहा. चित्रकाराने बाहुलीला नवी केलेली नाही. ती झीज म्हणजे एका मुलीच्या हातांची नोंद आहे. तिचे नाव कोणत्याही बखरीत मिळणार नाही.

६. आपल्या भुलाबाईला झिजण्याइतकाही अवधी मिळत नाही. म्हणून यंदा विसर्जनापूर्वी कोरा कागद आणि जलरंग घ्या. डोळ्यांची रेघ, लुगड्याचा काठ, रंगाचा ओघळ जसा आहे तसा उतरवा. सुंदर करू नका. खाली गाव, तिथी, उंची आणि घडवणाऱ्याचे नाव लिहा. मोबाइल क्षणात टिपतो. पण रंगवणाऱ्याला तासभर पाहावेच लागते, आणि इतिहासाची सुरुवात अशा पाहण्यातूनच होते.