आसननामे, चित्रसंग्रहातील

छायाचित्रांच्या संग्रहात मूर्तीची अथवा व्यक्तीची बसण्या-उभे राहण्याची ठेवण दर्शविण्यासाठी, आणि त्या ठेवणीची सारी चित्रे एका मागणीसरशी हाती यावीत म्हणून, प्रत्येक चित्रास जोडलेले ठरीव खूणनाव, म्हणजेच टॅग. असे नाव योजताना डोळ्यांस जे दिसते तेवढेच त्यात रुजू करावे, आणि मूर्ती कोणाची, कोणत्या पंथाची, तिच्याविषयी लोकांची श्रद्धा काय, हा तपशील निराळ्या रकान्यात लिहावा, हा मुख्य नियम होय.

या नियमाचे महत्त्व वाशीम जिल्ह्यात विशेष जाणवते. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा असल्यामुळे उत्साही नोंदकार आसनाच्या रकान्यात ‘अंतरिक्ष’ लिहून मोकळा होतो; परंतु ते मूर्तीचे नाव झाले, तिची ठेवण अर्धपद्मासनाची. पद्मासनात दोन्ही पावलांचे तळवे वर आलेले दिसतात, अर्धपद्मासनात एकच, एवढी खूण लिहून ठेवली की नवख्या कारकुनासही निवाडा करता येतो. याच मूर्तीवरील कटिसूत्र व कछोट्याच्या रेषांवरून, तसेच पूजा व वहिवाट यांच्या हक्कांवरून, श्वेतांबर व दिगंबर या पंथांत 1910 साली उभा राहिलेला दावा थेट प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला आणि तेथे 1929 साली त्याचा निकाल लागला. तेव्हा ज्या प्रश्नाने विलायतेतील न्यायाधीशांस शिणविले, तो सूचीकाराने आपल्या दोन शब्दी चिठ्ठीत निकालात काढण्याच्या फंदात न पडणेच बरे. हात सैल सोडून ताठ उभ्या असलेल्या जिनमूर्तीस ‘कायोत्सर्ग’ आणि ‘खड्गासन’ अशी दोन नावे रूढ आहेत. त्यांतील एक मुख्य ठरवून दुसऱ्यावरून त्याकडे ‘पाहा’ अशी वाट करून द्यावी, म्हणजे कोणत्याही नावाने शोधणारा रिकाम्या हाती परतत नाही.

शिल्पशास्त्राने समभंग, त्रिभंग, ललितासन, प्रलंबपादासन अशी नावांची मोठी ठेव दिली असून ग. ह. खरे यांच्या ‘मूर्तिविज्ञाना’मुळे ती मराठी अभ्यासकांस सुलभ झाली. या ठेवीचा उपयोग वाशीमशीच जोडलेल्या एका उदाहरणावरून दिसतो. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेथील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्यास कोरविलेल्या सोळाव्या लेण्यातील बुद्ध दोन्ही पाय खाली सोडून बसला आहे. या बैठकीस पाश्चात्त्य पंडितांनी, खुर्चीवर बसण्याची सवय त्यांचीच असल्याने की काय, ‘युरोपीय’ म्हटले. तथापि पाचव्या शतकातील वऱ्हाडी अमात्याच्या बुद्धास ते विशेषण लावण्याचे काही कारण नाही, आणि ‘प्रलंबपादासन’ हे नाव पाय कोठे आहेत हे आपण होऊनच सांगते.

सर्वच शास्त्रीय नावे इतकी निर्धोक नाहीत. ‘आलीढ’ व ‘प्रत्यालीढ’ यांत कोणता पाय वाकलेला आणि कोणता ताणलेला, याविषयी ग्रंथकारांतच एकवाक्यता नसल्यामुळे, तेथे ‘उजवा गुडघा वाकलेला, डावा पाय मागे ताणलेला’ असे सरळ लिहिणे श्रेयस्कर. मात्र उजवे-डावे नेहमी मूर्तीचे धरावे, पाहणाऱ्याचे नव्हे. जुन्या काचेच्या प्रती उलट्या छापल्या गेल्या असतील तर ही सावधगिरीही पुरत नाही. तेथे शिलालेखाची अक्षरे सुलट वाचता येतात की नाही हे आधी तपासावे लागते.

वीरगळ, जत्रा आणि शेतकामाची चित्रे संग्रहात आली की संस्कृत नावांचा दिमाख उतरतो. निंदणीस बसलेल्या बाईच्या चित्रास ‘उत्कुटिकासन’ लावणे हा निव्वळ पंडिती सोस. तेथे ‘उकिडवे बसलेली’ हीच प्रचारातील संज्ञा, आणि तिच्याच रांगेत ‘ओणवे’, ‘मांडी घालून’, ‘चवड्यांवर’ ही नावे ठेवावीत. दोन्ही शब्दकुळे एका संग्रहात नांदू शकतात, फक्त एकाच ठेवणीची दोन मुख्य नावे होता कामा नयेत. लेखनही एकच असावे. ‘त्रिभंग’ आणि ‘त्रिभङ्ग’ ही माणसास एक वाटली तरी यंत्रास दोन. कमरेखाली भंगलेल्या मूर्तीच्या बाबतीत धडाच्या कलावरून त्रिभंगाची अटकळ बांधण्याचा मोह आवरून ‘पाय खंडित, ठेवण अनिश्चित’ अशी नोंद करावी. दुसरा तुकडा सापडल्यास ती दुरुस्त करता येते.