व्यायामसाधनांची ने-आण : तालीम, बंदर आणि घर

१

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेविषयी जे लेखन उपलब्ध आहे, त्यात उस्ताद, आखाडे, डावपेच आणि आश्रयदाते यांची माहिती विपुल आढळते. साधनांची वर्णनेही आहेत. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या 'व्यायाम-ज्ञानकोशा'सारख्या बहुखंडी ग्रंथात तर मुद्गलापासून मल्लखांबापर्यंत प्रत्येक साधनाची तपशीलवार नोंद मिळते. तथापि ही जड साधने एका जागेवरून दुसऱ्या जागी कोणी हलविली, कोणत्या रीतीने हलविली आणि हलविताना होणाऱ्या इजेची जबाबदारी कोणावर होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. साधन उचलून बलवान झालेल्या मल्लाचे नाव इतिहासात राहते. तेच साधन वाहून आणणाऱ्याचे राहत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसरा मनुष्य होय.

या प्रश्नाचा विचार करण्यास जासई हे गाव सोयीचे आहे. एकेकाळी पनवेलच्या परिसरात गणले जाणारे व आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडणारे हे गाव न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले व ज्यात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, त्या आंदोलनाचे हे प्रमुख ठिकाण. पुढे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या रस्त्यांवरून कंटेनरांची वाहतूक होऊ लागली. परदेशांतून येणाऱ्या मालात घरगुती व्यायामाची यंत्रेही असतात. ज्या उरण-पनवेल पट्टीत मिठागरांतील मीठ डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहिले जाई, तेथे ओझ्याची एकके अशी पालटली. वीस फुटी पेटी रिकामी असतानाच सुमारे सव्वादोन टन भरते. या दोन टोकांच्या मधले ओझे कोणाच्या वाट्याला आले, हे पुढे पाहावयाचे आहे.

२

प्रथम तालमीचा विचार करू. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या श्रमप्रकारांत भारश्रम व स्तंभश्रम यांचा समावेश आहे. म्हणजे वजन उचलणे व खांबावर कसरत करणे या दोन गोष्टी आपल्या व्यायामपद्धतीत किमान आठशे वर्षांच्या जुन्या आहेत. हालचालीच्या दृष्टीने पाहता तालमीतील साधनांचे दोन वर्ग सहज पडतात.

पहिला वर्ग स्थिर साधनांचा. पुरलेला मल्लखांब हे याचे ठळक उदाहरण. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांच्या नावाशी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन जोडले जाते. हा खांब एकदा खड्ड्यात रोवून भोवती माती घट्ट ठोकली की तो हलवावयाचा नसे; व्यायाम करणारा त्याच्याकडे जाई. दुसरा वर्ग उचलण्याच्या साधनांचा : मुद्गल, करेल, गदा, दगडी नाल. यांचे जडपण हाच त्यांचा उपयोग असल्यामुळे त्यांची हालचाल हा व्यायामाचाच भाग ठरे. ज्याला करेल फिरविता येते त्याला ती कोपऱ्यातून मैदानात आणता येते, हे उघड आहे.

या व्यवस्थेचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. साधनाचे वजन किती, ते कोठे धरावे, ते कोणत्या बाजूला कलते, हे तालमीतील प्रत्येकाला अंगवळणी पडलेले असे. साधन हलविणारा आणि ते वापरणारा हे दोन वेगळे मनुष्य नव्हते. म्हणून सुरक्षित हालचालीचे वेगळे शास्त्र तालमीने लिहून ठेवले नाही. त्याची तेथे निकड नव्हती.

३

या व्यवस्थेची मर्यादा कोठे येते, हे दोन दगडांच्या उदाहरणांवरून दिसते.

पहिला दगड बडोद्याचा. तेथील सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक मोठी शिळा ठेवलेली आहे. गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा पहिलवान याने ती २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलली, असा लेख तिच्यावर आहे. तिचे वजन १२०० किलो सांगतात. शिळा सुमारे अडीच फूट घनाकृती असल्याचे वर्णन मिळते. तसे असेल तर तिचे आकारमान साडेपंधरा घनफुटांहून किंचित अधिक भरते. कठीण पाषाणाचे वजन घनफुटास सुमारे ७६ किलो धरल्यास उत्तर बाराशे किलोच्या अगदी जवळ येते. म्हणजे सांगितलेले वजन विश्वसनीय आहे. मात्र ज्या सळईला दोन्ही हातांची पकड मिळते, अशा सळईने जमिनीवरून ५०० किलो उचलण्याचा टप्पा जगात प्रथम २०१६ मध्ये गाठला गेला. हे ध्यानात घेता लेखातील 'उचलली' या क्रियापदाचा अर्थ एका कडेवर उभी करणे, अंगाशी घेऊन जमिनीपासून क्षणभर सुटी करणे, की आणखी काही, हे सावधपणे ठरविले पाहिजे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हीच शिळा हलविण्यासाठी यंत्राचे साहाय्य व पंचवीस माणसे लागली, असे सांगितले जाते. मल्लाच्या पराक्रमाला एक नाव आहे. या पंचवीस जणांपैकी एकाचेही नाव शिळेवर नाही.

दुसरा दगड पुण्याच्या दक्षिणेस शिवापूर येथील कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यातील आहे. सुमारे सत्तर किलोचा हा दगड अकरा जण प्रत्येकी एक बोट लावून, संताच्या नावाचा एकमुखाने उच्चार करीत उचलतात. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या ठिकाणी ठेवून केवळ गणित केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा किलोच्या आतबाहेर भार येतो. परंतु हा भार समान वाटला जाण्यास एक अट आहे : अकराही बोटे एकाच क्षणी वर गेली पाहिजेत. एक जरी मागे राहिला तरी शिळा कलते. एकमुखाने घेतलेले नाव हे काम करते. बंदरावरचा हमाल ओझे उचलताना जी आरोळी देतो, तिचे प्रयोजनही हेच होय.

या दोन उदाहरणांतून जड वस्तू सुखरूप हलविण्याची तीन तत्त्वे निष्पन्न होतात : वजन आधी माहीत असणे, ते अनेकांत अथवा अनेक भागांत विभागणे आणि सर्वांची हालचाल एका शब्दावर होणे.

४

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यायाम हळूहळू घरात शिरू लागला. युजेन सँडो याने १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. त्याच्या नावाचे स्प्रिंगचे डंबेल्स व टपालाने मिळणारे धडे यांमुळे एकट्याने, घरी, आरशासमोर व्यायाम करण्याची कल्पना मध्यमवर्गात रुजली. या साधनांनी हालचालीचा प्रश्न निर्माण केला नाही. डंबेल्स हलके होते, तर जड बारबेलच्या चकत्या सुट्या करून एकेक नेता येत.

प्रश्न उद्भवला तो यंत्रामुळे. ज्याला आपण आज ट्रेडमिल म्हणतो त्याचे नाव इंग्लंडमधील तुरुंगांतून आले आहे. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट याने कैद्यांसाठी पायांनी फिरवावयाचे प्रचंड चाक योजले. हे चाकही मल्लखांबाप्रमाणेच स्थिर होते व माणूस त्याच्यापाशी नेला जाई. १९६८ मध्ये केनेथ कूपर याचे 'एरोबिक्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यावरून सुचून विल्यम स्टॉब या अमेरिकन यंत्रज्ञाने घरगुती ट्रेडमिल तयार केली. येथे प्रथमच एकसंध, मोटर बसविलेले, जड व्यायामयंत्र माणसाच्या घरी जाऊ लागले.

या यंत्राचे वजन साधारणतः साठ ते सव्वाशे किलोंच्या दरम्यान असते. परंतु खरी अडचण वजनापेक्षा त्याच्या विभागणीत आहे. मोटर एका टोकाला असल्याने गुरुत्वमध्य त्या टोकाकडे सरकलेला असतो. दोघांनी दोन टोके धरली तरी भार निम्मा-निम्मा होत नाही. जिन्यावरून नेताना खालच्या माणसावर अधिक भार येतो, आणि मोटरचे टोक खाली असेल तर तो दुहेरी वाढतो. घडी होणाऱ्या यंत्राची खीळ नीट बसली नसेल, तर पट्टा मध्येच उघडून हात चेंगरतो.

तालमीच्या काळात ओझे वाहण्याची जी पारंपरिक विद्या आपल्याकडे होती, ती येथे निरुपयोगी ठरते. डोक्यावर चुंबळ ठेवून वाहिलेले ओझे कण्याच्या रेषेत राहते, म्हणून मोठे ओझेही तोलता येते. गोणीला हूक लावता येतो. ट्रेडमिल डोक्यावर बसत नाही आणि तिला हूक लावता येत नाही; ती शरीरापुढे, हात लांबवून धरावी लागते. ओझे कण्यापासून जितके दूर, तितका कमरेवरील ताण अधिक, हा तरफेचा साधा नियम आहे. शिवाय यंत्राचा मालक ते वापरतो पण उचलत नाही. उचलणारा ते वापरत नाही, म्हणून त्याला ते कोठे कलते हे ठाऊक नसते. तालमीत जी दोन माणसे एक होती, ती येथे विभक्त झाली.

५

या दुसऱ्या माणसासाठी कायद्याने काय केले, ते आता पाहू. विसाव्या शतकातील तरतुदी दोन दिशांनी आल्या.

एक दिशा बंदराची. १९२९ मध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने असा करार संमत केला की, जलमार्गाने जाणाऱ्या एक हजार किलो वा त्याहून जड नगावर त्याचे वजन ठळकपणे लिहिले जावे. बोटीवर माल चढविताना वजन न कळल्याने याऱ्या तुटत व माणसे दगावत, हे त्यामागील कारण. भारतात या कराराच्या अंमलबजावणीसाठी १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. पुढे १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजावर चढविण्यापूर्वी कळविणे जगभर बंधनकारक झाले.

दुसरी दिशा माणसाच्या पाठीची. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होईल इतके जड ओझे कोणाकडूनही उचलून घेऊ नये, अशी तरतूद होती. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारासोबतच्या शिफारशीने प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंवर आणावी, असे सुचविले. धान्याच्या शंभर किलोंच्या गोणीविरुद्धचा आक्षेप याच मर्यादेशी जुळणारा आहे. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. ज्यांचा मालक रोज बदलतो अशा कामगारांना मंडळाच्या द्वारे नोंदणी, मजुरीची हमी व भविष्यनिर्वाह निधी देणारी ही योजना देशात मार्गदर्शक ठरली. तथापि तिची रचना बाजार, गोदाम, वाहतूक अशा ठराविक व्यवसायांभोवती झालेली आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रस्तुत निबंधाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. पंचावन्न किलोंच्या पुढे एकट्या माणसाच्या शरीराला धोका आहे, असे एक परंपरा सांगते. एक हजार किलोंच्या पुढे नगावर वजन लिहिलेच पाहिजे, असे दुसरी सांगते. घरगुती व्यायामयंत्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडते. ते एका माणसास पेलण्यापलीकडचे असते, परंतु १९५१ च्या कायद्याच्या दृष्टीने जड नसते. कंटेनरमध्ये असेपर्यंत त्याचे वजन एकूण वजनात किलोगणिक मोजले जाते. जासईवरून पुढे गेलेली पेटी गोदामात उघडली आणि यंत्र टेम्पोत चढले की त्या मोजणीचा संबंध संपतो. खोक्यावर उत्पादकाने वजन छापले असेल तर पहिल्या खेपेस कळते. दोन वर्षांनी घर बदलताना खोके राहिलेले नसते, आणि चौथ्या मजल्यावर बोलाविलेल्या दोघा हमालांना वजन कळते ते यंत्र उचलल्यावरच.

६

इतिहासाच्या अभ्यासकाने उपाय सांगू नयेत, असा एक संकेत आहे. परंतु वर निष्पन्न झालेली तीन तत्त्वे जुनीच असल्याने त्यांचा निर्देश येथे अप्रस्तुत होणार नाही. वजन यंत्राच्या अंगावरच, न पुसले जाईल असे, लिहिलेले असावे. मोटरची बाजूही दाखविलेली असावी. हलविण्यापूर्वी वीज तोडून, सुटे होणारे भाग सुटे करून, खीळ व दोरी बांधून भार विभागावा. सपाट जागी चाकांच्या पाटाचा उपयोग करावा. ज्या पनवेलची गाड्यांची चाके पुणे-मुंबईच्या दरम्यान सर्वत्र विकली जात, त्या मुलखाला चाकाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. जिन्यावर दोघांऐवजी चौघे घ्यावेत, आणि उचलण्याचा व ठेवण्याचा शब्द एकानेच द्यावा.

यांतील कोणतीही गोष्ट यंत्राच्या किमतीच्या मानाने खर्चाची नाही. तरीही ती घडत नाही, कारण ज्याने ती घडवावयाची त्याच्या पाठीवर ते ओझे येत नाही. तालमीत असे अंतर नव्हते. तेथे शिष्याला करेल फिरविण्याआधी ती जागेवरून आणावी व जागेवर ठेवावी लागे. आरोग्यासाठी घेतलेले साधन दुसऱ्याच्या आरोग्याचा व्यय करून घरात येत असेल, तर व्यायामाच्या इतिहासात त्या व्ययाची नोंद झाली पाहिजे. बडोद्याच्या शिळेवर एक नाव कोरलेले आहे. पंचवीस अनामिकांचा शोध हा पुढील संशोधनाचा विषय होय.