आंदोलनाची परवानगी आणि समान न्याय

शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ (१) (ख) ने नागरिकांना दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम ३७ (३) अन्वये जमावबंदी लागू करता येते. मात्र राज्य शासनाच्या मंजुरीविना ती १५ दिवसांपेक्षा अधिक काळ टिकत नाही. हा अधिकार सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, तर माढ्यासारख्या ग्रामीण तालुक्यांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो.

हा अधिकार सर्वांसाठी सारखाच वापरला जातो काय, हा कळीचा मुद्दा आहे. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमाखालील एक नियम रद्द ठरविला. रस्त्यावरील सभेस परवानगी नाकारण्याचे निकषच त्यात नव्हते. त्यामुळे मनमानीस वाव राहत होता.

बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे २०२० मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातील धरण्यास जमावबंदीच्या आधारे परवानगी नाकारण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षी फेब्रुवारीत तो आदेश रद्द केला. आदेश वरवर सर्वांना लागू दिसत असला, तरी प्रत्यक्षात त्याचा रोख या कायद्याच्या विरोधकांवरच होता, असे खंडपीठाने नमूद केले. केवळ कायद्यास विरोध केल्याने कोणी देशद्रोही ठरत नाही, असेही बजावले.

परवानगी नाकारल्यास आंदोलकांनी सकारण लेखी आदेश मागून घ्यावा. न्यायालयात भेदभाव सिद्ध करण्याचा तोच मुख्य आधार ठरतो.