सुगरणीचा खोपा आणि निजामी मुलूख

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे आपल्यापैकी कोणी पाहिले नाहीत? वाऱ्याने पडलेला खोपा आम्ही लहानपणी घरी आणून खुंटीला अडकवीत असू. त्यांतले कित्येक अर्धेच असत. नळी नाही, अंड्यांची जागा नाही, नुसती उपडी टोपी. कोणीतरी मोडला असेल, अशी आमची समजूत. त्या अर्ध्या खोप्याचा उलगडा आम्हांला पुढे झाला तो गोदेच्या किंवा मांजरेच्या काठी नव्हे, तर कोकणच्या किनाऱ्यावरील एका हकिगतीवरून.

1930 साली सालिम अली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी बंद झाली होती. विद्यापीठाची पदवी नाही, नोकरी नाही. ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहावयास गेले. भोवती नारळीच्या वाड्या, पुढ्यात खांदेरी-उंदेरीचा समुद्र, आणि घराजवळच सुगरणींची वसाहत. बेकार माणसाजवळ वेळ भरपूर असतो. तो त्यांनी खोप्यांकडे पाहण्यात घालविला.

त्यांना दिसले ते असे. खोपा विणतो तो नर. टोपीइतका आकार झाला की तो थांबतो. मग मादी येते, आत शिरून पाहणी करते आणि पसंत पडला तरच संसार मांडते. त्यानंतर नर नळी पुरी करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसरीची वाट पाहतो! नापसंत खोपे तसेच अर्धे राहतात. आमच्या खुंटीवर टांगलेले बहुधा हेच. हे निरीक्षण 1931 साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापून आले.

आपल्या भाषेने मात्र या पाखराला नाव दिले ‘सुगरण’. घर सांभाळणे बाईचे, म्हणून खोपाही तिचाच, हा आपला हिशेब. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही पिलांसाठी खोपा करणारी सुगरणच आहे. कवितेजवळ पुरावा मागणे करंटेपणाचे, आणि तो आम्ही मागत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आम्हां लोकांना विणणारा कोण हे नीट दिसू नये, याचे नवल वाटते.

किहीमनंतर हेच गृहस्थ आपल्या मुलखाकडे वळले. संस्थानांनी प्रवासाचा व तळाचा खर्च सोसावा, आपण वेतन घेणार नाही, अशी त्यांची तयारी होती. हैदराबाद संस्थानची पक्षिपाहणी 1931-32 साली झाली. संस्थान तेव्हा 16 जिल्ह्यांचे; त्यांत नांदेड होते, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. (लातूर जिल्हा झाला तो 1982 साली.) कोणते पाखरू, कोठे, कोणत्या तारखेस, हे लिहून ठेवावयाचे, अशी ही शिस्त. इंग्लंडमधील ह्यू व्हिस्लर यांनी नमुने तपासून टिपणे जोडली आणि पुढील वर्षांत सारा वृत्तान्त क्रमाने छापला गेला. तो इंग्रजीत. संस्थानचा कारभार उर्दूत चाले; आणि पाखरांची नावे ज्यांच्या तोंडी होती, त्यांची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी. पुढे मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडची नावे गोळा करून पक्षिकोश रचला, तेव्हा मराठीतली ही उणीव बरीच भरून निघाली.

तारीख आणि जागा लिहून ठेवण्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. माळढोक घ्या. दख्खनच्या गवताळ माळांवरचा हा भला थोरला पक्षी. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली अभयारण्य झाले. आता तिथेही तो क्वचितच दिसतो. आमच्याकडील म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारावे, तर पाहिल्याचे आठवते म्हणतात. कोणत्या माळावर, शेवटचा कोणत्या साली, असे विचारले की आकाशाकडे पाहतात आणि म्हणतात, “ते काय ध्यानात ठेवायचं असतं होय?”